नोटीस चुकवणाऱ्या सामनेवाल्यावर बजावणी कशी करून घ्यावी: कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जासाठी सविस्तर मार्गदर्शन

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मधली मुदतीची कलमं वाचली की हुरूप येतो. अर्ज मिळाल्यापासून साधारण ३ दिवसांच्या आत पहिली तारीख. नोटीस हातात पडल्यापासून संरक्षण अधिकाऱ्याने (या कायद्याखाली नेमलेला अधिकारी) जास्तीत जास्त २ दिवसांत ती बजावायची, फार तर कोर्ट देईल तेवढी वाढीव मुदत. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न. मग कोर्टात गेल्यावर रोजनाम्यात, म्हणजे केसच्या तारीखवार नोंदीत, दिसतं: ‘बजावणी बाकी. नोटीस पुन्हा काढावी.’ पुढच्या तारखेलाही तेच. नवरा मुद्दाम नोटीस घेत नाही, सासूबाई दारातून ‘तो इथे राहतच नाही’ म्हणतात, पोस्टमन पाकिटावर ‘घर बंद’ लिहून मोकळा होतो, आणि इकडे बाई मुलांची फी कुठून भरायची याच्या विवंचनेत.

पहिल्यांदा हे डोक्यात पक्कं बसवा: कोर्टाला सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो, प्रत्यक्ष हजर असावा लागत नाही. त्याला कळवलं होतं, बाजू मांडायची संधी दिली होती, याचा भरवशाचा कागद लागतो. त्याला पकडण्यात शक्ती घालवू नका, हा कागद तयार करण्यात घाला. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. मुख्यतः महाराष्ट्रातल्या कोर्टांतली रीत डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. कायदा आणि नियम केंद्राचे असल्यामुळे गोव्यातही मूळ चौकट हीच. पुढे नुसतं ‘कलम’ किंवा ‘नियम’ म्हटलं असेल तर ते याच कायद्याचं समजा.

नियम १२ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

या कायद्याखालचे नियम २००६ चे आहेत आणि बजावणीचं सगळं इंगित नियम १२ मध्ये आहे. अनेक वकील दिवाणी संहितेच्या सवयीने चालतात आणि हा नियम बाजूला राहतो. त्यात काय आहे ते साध्या भाषेत असं:

नोटीस संरक्षण अधिकारी स्वतः बजावू शकतो किंवा त्याने सांगितलेली दुसरी व्यक्ती. सामनेवाला भारतात जिथे राहतो असं अर्जदार सांगते त्या पत्त्यावर, किंवा तो जिथे नोकरीधंदा करतो असं ती सांगते त्या ठिकाणी. त्या वेळी त्या जागेचा ताबा ज्याच्याकडे असेल त्याच्या हाती नोटीस देता येते. तेही शक्य नसेल तर जागेच्या दर्शनी भागावर चिकटवायची. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ५ किंवा फौजदारी संहितेतलं समन्सचं प्रकरण, यांपैकी जे कामाला येईल ते वापरता येतं, आणि मुदत पाळली जावी म्हणून कोर्ट यापलीकडचे उपायही सांगू शकतं.

‘त्या वेळी ताबा असलेली व्यक्ती’ हे शब्द फार मोलाचे. फौजदारी संहितेत (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) सामनेवाला सापडला नाही तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीकडे समन्स द्यावं लागतं आणि नोकर कुटुंबात धरला जात नाही. नियम १२ एवढा कडक नाही. दुकानावर बसलेला भाऊ, कंपनीच्या गेटवरचा सुरक्षा अधिकारी, ऑफिसमधला व्यवस्थापक यांच्याकडे दिलेली नोटीस या नियमात बसवता येते. चिकटवण्यासाठी कोर्टाचा वेगळा हुकूम आणायची अटही त्यात नाही.

कलम १३(२) सांगतं की बजावणी झाल्याचं संरक्षण अधिकाऱ्याचं विहित नमुन्यातलं निवेदन हाच पुरावा, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे ‘मला मिळालीच नाही’ हे पटवून देण्याचं ओझं सामनेवाल्यावर जातं. म्हणून त्या निवेदनातला एकेक शब्द महत्त्वाचा.

अर्ज लिहिण्याआधी पत्ते जमवा

बहुतेक बजावण्या पत्त्यावर अडतात, आणि पत्ता अर्जात एकदाच, घाईत लिहिलेला असतो. ‘मु. पो. अमुक, ता. तमुक’ एवढ्यावर कोणी घर शोधत बसणार नाही. घर क्रमांक, वाडी, वस्ती, देऊळ, शाळा, दुकान, गेटचा रंग, सोसायटीची विंग आणि मजला, गावात त्याला ज्या नावाने हाक मारतात ते नाव, सगळं लिहा. नोटिशीत ओळख पटायला मदत होईल असा तपशील असावा असं नियम १२(१) सांगतो. त्याचा अलीकडचा फोटो जोडायला काहीच हरकत नाही.

एकच पत्ता देऊन थांबू नका. राहतं घर, आईवडिलांचं गावचं घर, नोकरीची जागा, असेल तर दुकान किंवा गोदाम, मोबाइल, ईमेल. प्रत्येकासमोर तो पत्ता कशावरून माहीत आहे ते लिहा.

पत्त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे त्याने स्वतः सही करून दुसरीकडे दिलेला पत्ता. घटस्फोटाचा अर्ज त्याने केला असेल तर त्यावर शपथेवर पत्ता आहे. दंड संहितेच्या पूर्वीच्या कलम ४९८-अ च्या, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ च्या गुन्ह्यात (विवाहितेचा छळ) त्याने अटकपूर्व जामीन मागितला असेल तर त्या अर्जावर पत्ता आहे, आणि जामिनाच्या कागदांवर जामीनदाराचाही. मुलांच्या शाळेचा प्रवेश अर्ज, भाडेकरार, बँकेचा फॉर्म, विमा हेही चालतं. ‘इथे राहत नाही’ असा शेरा आला की त्याच्याच सहीचा असा कागद कोर्टापुढे ठेवायचा. याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

इतर सरळ मार्गही आहेत. मतदार यादी पाहता येते. शेतजमीन असेल तर महाभूलेखवर सातबारा निघतो, ग्रामपंचायतीत घराचा नमुना ८ चा उतारा मिळतो, महापालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीत नाव सापडतं. कंपनीत संचालक असेल तर कंपनी निबंधकाकडच्या नोंदी उघड्या आहेत. मात्र कुणी ‘त्याचे कॉल रेकॉर्ड काढून देतो’ म्हणालं तर त्या माणसापासून दूर राहा. तो सरळ गुन्हा आहे आणि त्यात तुम्हीच अडकाल.

आणखी एक सल्ला, थोडा कडू. सामनेवाल्यांची यादी आखूड ठेवा. २०१६ च्या हिरल हरसोरा निकालानंतर सासू, नणंद यांनाही सामनेवाले करता येतं हे खरं. पण लग्न होऊन नागपूरला गेलेली नणंद आणि सुरतेचे चुलत सासरे यांची नावं रागाच्या भरात घातली की त्या प्रत्येकाची बजावणी करून घेणं तुमच्या गळ्यात पडतं, आणि एकाची राहिली की ‘सर्वांची बजावणी होऊ द्या’ म्हणत तारीख पुढे जाते. ज्यांनी खरोखर छळ केला आणि ज्यांच्याविरुद्ध आदेश हवा आहे, तेवढेच ठेवा.

नोटीस निघाल्या दिवशी करायची कामं

कोर्टाने ‘नोटीस काढावी’ म्हटलं म्हणजे ती निघाली असं समजू नका. अर्जाच्या, जोडलेल्या कागदांच्या आणि अंतरिम अर्जाच्या प्रती सामनेवाल्यांच्या संख्येइतक्या आणि वर दोन जादा द्या. अंतरिम अर्जाची प्रत राहिली तर पुढे ‘त्याबद्दल आम्हाला माहीतच नव्हतं’ हा बचाव आयता मिळतो. नोटीस नमुना ७ मध्ये निघते. त्यावर तारीख, वेळ, कोर्टाचं नाव, खोली क्रमांक बरोबर आहे ना, शिक्का आहे ना, हे बेंच क्लार्ककडून घेतानाच बघा.

केसचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा १६ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक) टिपून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख आणि काय झालं ते घरबसल्या दिसतं. बेलीफमार्फत (नोटिसा बजावणारा कोर्टाचा कर्मचारी) बजावणी असेल तर अनेक ठिकाणी एनस्टेप प्रणाली वापरतात. त्यात बेलीफ मोबाइलवरून जागेचं स्थान आणि फोटोसह नोंद करतो. ती नोंद नंतर तुमच्या कामाची ठरते.

मग संरक्षण अधिकाऱ्याला भेटा. त्यांच्याकडे बहुतेकदा एकाहून जास्त कामं असतात, वाहन नसतं, तालुका मोठा असतो. तक्रारीच्या सुरात बोलून काही मिळत नाही. घराचा नकाशा, घरी कोण कधी असतं याची माहिती, सामनेवाल्याचा फोटो आणि तुमच्या वकिलाचा नंबर एका कागदावर लिहून द्या. नियमाप्रमाणे ते दुसऱ्या व्यक्तीमार्फतही नोटीस बजावू शकतात हे नम्रपणे लक्षात आणून द्या. घरात दांडगाई होण्याची भीती असेल तर पोलीस मदतीचा आदेश कोर्टाकडून आधीच मागून घ्या.

सगळे मार्ग एकाच वेळी मागा

एक मार्ग वापरायचा, तो फसला की पुढच्या तारखेला दुसरा मागायचा, या क्रमात वर्ष निघून जातं. पहिल्याच दिवशी अर्ज देऊन एकत्र मागा: संरक्षण अधिकाऱ्यामार्फत, पोलीस ठाण्यामार्फत, स्पीड पोस्टने, ईमेल आणि व्हॉट्सॲपने, आणि हमदस्त. अर्जातली विनंती साधारण अशी लिहिता येईल:

‘सामनेवाला क्र. १ हा नोटीस टाळण्याची शक्यता अर्जातील परिच्छेद अमुकमध्ये नमूद कारणांवरून दिसते. तरी नियम १२(२) अन्वये नोटीस संरक्षण अधिकारी यांचेमार्फत अर्जात नमूद सर्व पत्त्यांवर, तसेच पोलीस ठाणे, स्पीड पोस्ट, ईमेल व नमूद मोबाइल क्रमांकावर एकाच वेळी पाठविण्याचा, आणि पत्त्यावर स्वीकारणारे कोणी न मिळाल्यास दर्शनी भागी चिकटवून बजावणी करण्याचा आदेश व्हावा.’

हमदस्त म्हणजे नोटीस अर्जदाराच्या हाती देऊन बजावायला सांगणं. दिवाणी संहितेच्या आदेश ५ च्या नियम ९-अ मध्ये ती सोय आहे. पण मारहाणीच्या प्रकरणात बाईने स्वतः नोटीस घेऊन सासरी जाऊ नये, भावालाही पाठवू नये. भांडण झालं तर उलट तक्रार तयार. हमदस्त घ्यायचीच तर वकिलाच्या कार्यालयातल्या माणसाने किंवा संस्थेच्या कार्यकर्तीने, सोबत एखादा त्रयस्थ साक्षीदार घेऊन जावं.

टपालाबद्दल. सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे. पावती जपा, ट्रॅकिंगचं पान लगेच छापून घ्या, कारण ते संकेतस्थळावर कायम राहत नाही. आणि पाकीट परत आलं तर फोडू नका. बंद पाकीट, त्यावरच्या पोस्टमनच्या शेऱ्यासह, जसंच्या तसं कोर्टात दाखल करायचं. कुतूहलापोटी फोडलेलं पाकीट म्हणजे घालवलेला पुरावा.

शेरा वाचायला शिका

खरं काम इथे आहे. नोटीस परत आली की ‘झाली नाही’ एवढंच ऐकून घरी जाऊ नका. अहवालाची नक्कल घ्या आणि शेऱ्यातले नेमके शब्द वाचा.

‘घेण्यास नकार दिला’. हा तुमच्या बाजूचा शेरा. टपाल नाकारलं असा शेरा असेल तर आदेश ५ नियम ९(५) प्रमाणे कोर्टाने बजावणी झाल्याचं जाहीर करायचं असतं. प्रत्यक्ष नकार असेल तर नोटीस दाराला चिकटवली का, हे पाहा. नुसतं ‘नकार दिला, परत’ असं लिहून नोटीस माघारी आणली असेल तर काम अर्धंच झालं.

‘घर बंद’, ‘सूचना देऊनही आले नाहीत’, ‘अनक्लेम्ड’. सर्वोच्च न्यायालयाने सी. सी. अलावी हाजी या २००७ च्या निकालात सांगितलं की बरोबर पत्त्यावर नोंदणी टपालाने पाठवलेली नोटीस नकार, घरी नाही, घर बंद, दुकान बंद अशा शेऱ्याने परत आली तर बजावणी झाल्याचं गृहीत धरता येतं. ते प्रकरण धनादेश न वटल्याचं होतं, पण आधार जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ चा आहे आणि तो इथेही दाखवता येतो. अट एकच: पत्ता बरोबर असल्याचं तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. आधी जमवलेले कागद इथे उपयोगी पडतात.

‘सदर इसम मिळून आला नाही’. हा सगळ्यात पोकळ शेरा. केव्हा गेले होते, किती वेळा, कोणाला विचारलं, काहीच कळत नाही. यावर कोर्ट बजावणी पूर्ण समजणार नाही, आणि समजलं तरी अपिलात टिकणार नाही. फेरबजावणी मागताना अर्जातच लिहा: वेगवेगळ्या दिवशी आणि वेळी, त्यात एकदा सकाळी लवकर किंवा रात्री जेवणाच्या वेळेस जावं, शेजाऱ्यांकडे चौकशी करून त्यांची नावं लिहावीत, न सापडल्यास चिकटवावी.

‘नमूद पत्त्यावर राहत नाही’. हा घातक, आणि बहुतेकदा घरच्यांच्या तोंडचा. कोणी सांगितलं ते अहवालात आहे का बघा. सांगणारे सामनेवाला क्रमांक २ म्हणजे त्याचे वडीलच असतील तर त्यांचा स्वार्थ उघड आहे. त्याच्या सहीचा कागद, गेल्या महिन्यातलं वीजबिल, मतदार यादीतलं नाव आणि शेजाऱ्याचं किंवा अर्जदाराचं शपथपत्र जोडून सांगा की पत्ता खरा आहे. काही घरं ‘मुलाशी आमचा संबंध नाही’ अशी जाहीर नोटीस पेपरात देऊन ठेवतात. त्या कात्रणामुळे तो घर सोडून गेला हे काही सिद्ध होत नाही.

‘घर सोडून गेले, पत्ता माहीत नाही’. हे खरंही असू शकतं. मग कामाच्या जागेकडे वळा.

चिकटवून झालेल्या बजावणीचा अहवाल कसा असावा ते संरक्षण अधिकाऱ्याला किंवा बेलीफला आधीच सांगितलेलं बरं. दिनांक आणि वेळ. घर कोणी दाखवलं त्याचं नाव आणि पत्ता. आत कोण होतं, त्यांनी काय म्हटलं. नोटीस नेमकी कुठे चिकटवली. दोन पंचांच्या सह्या. दारावरची नावाची पाटी आणि चिकटवलेली नोटीस एकाच चौकटीत येईल असा फोटो, शक्यतो ठिकाण आणि वेळ दाखवणारा. सोसायटीत सेक्रेटरीची सही मिळाली तर उत्तम, गावात पोलीस पाटलाची. आदेश ५ च्या नियम १७ आणि १८ ला यातलं बरंच काही अपेक्षितच आहे.

दुसऱ्या कोर्टात तो हजर असतो, तिथे गाठा

हा मार्ग लोकांना उशिरा सुचतो. इथली नोटीस चुकवणारा माणूस वांद्र्याच्या किंवा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात स्वतःच्या घटस्फोटाच्या अर्जासाठी नेमाने येतो. जामिनाच्या अटीप्रमाणे पोलीस ठाण्यात हजेरी लावतो. मुलाच्या भेटीसाठी ठरल्या शनिवारी येतो. त्या तारखांची यादी कोर्टाला द्या आणि त्या ठिकाणी, त्या दिवशी बजावणीचा आदेश मागा. त्याच्या तिथल्या वकिलाला ईमेलने नोटिशीची प्रत पाठवा. वकील स्वीकारायला बांधील नाही, पण ‘मला या केसची काही कल्पना नव्हती’ या बचावातली हवा निघते. तिथे तुमचीही बाजू चालू असेल तर पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन या अर्जाचा क्रमांक, कोर्ट आणि पुढची तारीख त्या रेकॉर्डवर आणा.

त्याचा वकील इथेच मागच्या बाकावर बसून नुसतं ऐकत असेल आणि वकीलपत्र देत नसेल, तर तसं कोर्टाच्या नजरेला आणा आणि रोजनाम्यात नोंद मागा. त्याने नकलेसाठी किंवा मुदतीसाठी अर्ज दिला की बजावणीचा वाद जवळजवळ मिटतो.

व्हॉट्सॲपवर पाठवताना

२०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात, पीडीएफ नुसती पोचलीच नाही तर उघडूनही पाहिली गेली हे व्हॉट्सॲपच्या खुणांवरून दिसतं म्हणून बजावणी मान्य केली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कोर्टाच्या शिक्क्याची प्रतिमा असलेलं समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची तरतूद आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवायला मनाई केली ती आरोपीला चौकशीला बोलावण्याच्या नोटिशीबाबत आहे. सामनेवाल्याच्या वकिलाने तो निकाल दाखवला तर हा फरक सांगा.

पद्धत अशी. आधी कोर्टाची परवानगी. नोटीस आणि अर्ज एकाच पीडीएफमध्ये, वकिलाच्या किंवा संरक्षण अधिकाऱ्याच्या नंबरवरून. अर्जदाराच्या फोनवरून शक्यतो नको, कारण तिथे लगेच शिव्या किंवा गयावया सुरू होते. संदेशात केसचा क्रमांक, कोर्ट, तारीख एवढंच. नंबर त्याचाच आहे हे दाखवायला जुने संदेश, पैसे पाठवताना दिसणारं नाव किंवा त्याच्या अर्जातला क्रमांक जोडा. स्क्रीनशॉटवर नंबर, दिवस आणि पोचल्याची खूण दिसली पाहिजे; निळी खूण त्याने बंद ठेवली असेल तर दोन करड्या खुणांवर काम भागवायचं. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. आणि एवढ्या एका मार्गावर विसंबू नका.

वॉरंट मागू नका

‘दोनदा नोटीस गेली, आता वॉरंट काढा’ असा आग्रह पक्षकार धरतात. जानेवारी २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कलम १२ च्या, म्हणजे याच प्रकारच्या, अर्जात गैरहजेरीसाठी जामीनपात्र वॉरंट काढण्याला समर्थन नाही. संरक्षण आदेशाचा भंग सोडला तर या कार्यवाहीत दंडात्मक परिणाम नाहीत. वॉरंटने त्याला पळायला आणि वरच्या कोर्टात जायला निमित्त मिळतं. तुम्हाला हवा आहे एकतर्फी आदेश, आणि त्याला वॉरंट लागत नाही. थकलेल्या पोटगीच्या वसुलीत वॉरंट निघतं, पण ती पुढची पायरी.

नोकरी, गणवेश, परगाव, परदेश

सरकारी नोकर असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ६८ प्रमाणे कार्यालयप्रमुखाकडे समन्स पाठवता येतं. एसटी, जिल्हा परिषद, महापालिका, बँक अशा ठिकाणी वरिष्ठामार्फत आलेली नोटीस क्वचितच बुडते. सैन्यातल्या माणसासाठी कमांडिंग ऑफिसर, तुरुंगात असलेल्यासाठी अधीक्षक. जहाजावर असेल, आणि कोकणात-गोव्यात अशी घरं पुष्कळ, तर भरती करणाऱ्या कंपनीचं भारतातलं कार्यालय आणि त्याचा ईमेल. खासगी नोकरीत मनुष्यबळ विभागाला पाठवण्याचा दुहेरी फायदा आहे: कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) खाली कोर्ट मालकाला पगारातून थेट रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतं, म्हणजे मालकाचा पत्ता तुम्हाला पुढेही लागणारच.

दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात असेल तर इथल्या संरक्षण अधिकाऱ्याकडून तिथल्या अधिकाऱ्याकडे जाणाऱ्या पत्राची वाट पाहत बसू नका. संबंधित पोलीस ठाण्याला ईमेलने पाठवण्याचा आदेश सोबत घ्या. महाराष्ट्राबाहेर जाणाऱ्या मराठी नोटिशीला इंग्रजी भाषांतर जोडा; सुरत किंवा हैदराबादच्या हवालदाराला ती वाचता आली पाहिजे. अर्ज मात्र तुम्ही जिथे राहता तिथेच चालतो, तात्पुरत्या राहत असाल तरी. कलम २७ तसं सांगतं.

परदेशात असलेल्यासाठी वेळ लागतो हे धरूनच चाला. समन्स आणि दस्तऐवज बजावणीच्या १९६५ च्या हेग कराराला भारत जोडलेला आहे आणि केंद्राचं विधी व न्याय मंत्रालय त्यासाठीचं मध्यवर्ती प्राधिकरण आहे. ते सुरू ठेवूनच ईमेल, व्हॉट्सॲप आणि इथल्या आईवडिलांच्या घराचा पत्ता यांवर बजावणीचा आदेश मागा. हजर राहण्याचं समन्स निघालेलं असेल तर पारपत्र कायद्याच्या कलम १०(३)(ह) खाली पारपत्र कार्यालयाकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांशी झालेल्या विवाहांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे.

पेपरातली जाहीर नोटीस अगदी शेवटी. आदेश ५ नियम २० खाली ती देता येते, पण खर्च तुमचा, आणि घरातलं भांडण गावभर छापून येतं. द्यावीच लागली तर तो शेवटी जिथे राहत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकात द्या, मजकुरात छळाचा तपशील नको म्हणून कोर्टाला विनंती करा, आणि छापील अंक शपथपत्रासह दाखल करा.

नोटीस पोचते तो दिवस सांभाळा

बजावणीच्या धांदलीत हे विसरलं जातं. नोटीस हाती पडते त्या दिवशी राग उसळतो. शक्य असेल तर आधी कलम २३(२) खाली नमुना ३ मधल्या शपथपत्रावर एकतर्फी संरक्षण आदेश घ्या, म्हणजे नोटिशीसोबत आदेशही बजावला जाईल. जवळच्या पोलीस ठाण्यात त्याची प्रत आधी द्या. त्याच घरात राहत असाल तर नोटीस कधी जाणार ते संरक्षण अधिकाऱ्याला विचारून ठेवा आणि तो दिवस माहेरी किंवा मैत्रिणीकडे काढा. माहेरचा किंवा आसऱ्याचा पत्ता त्याला कळू द्यायचा नसेल तर पत्रव्यवहारासाठी वकिलाचा पत्ता देण्याची परवानगी मागा. निवारागृहात असाल तर तुमच्या सांगण्यावरून त्यांनी माहिती उघड करायची नाही, असं नियम १६ मध्ये आहे. मदतीसाठी ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. तिथला फोन १५१००.

तारखेला काय दाखल करायचं

रिकाम्या हाताने जाऊन ‘साहेब, तो येत नाही’ म्हणू नका. बजावणीचं शपथपत्र घेऊन जा. त्यात एकेक मार्ग, तारीख आणि निष्पत्ती. मागे पावत्या, ट्रॅकिंग, बंद पाकीट, फोटो, स्क्रीनशॉट, त्याच्या सहीचे पत्त्याचे कागद. सोबत दोन विनंत्या: बजावणी पूर्ण समजावी, आणि अंतरिम अर्जावर आजच आदेश व्हावा. बजावणीचा अहवाल आला की प्रलंबित अंतरिम अर्जावर योग्य तो आदेश द्यायचा, असं नियम १२(३) सांगतो. ते वाचून दाखवा. पोटगी मागत असाल तर रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाप्रमाणे उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र तयार हवं. त्याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं सांगितलं आहे. म्हणजे तो जितके महिने नोटीस चुकवेल तितकी थकबाकी त्याच्याच डोक्यावर चढते, आणि हे युक्तिवादात स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

बजावणीत खोट दिसत असेल तर घाईने एकतर्फी आदेश पदरात पाडून घेण्यापेक्षा एक तारीख जादा घेऊन ती दुरुस्त करा. कच्च्या बजावणीवरचा आदेश सत्र न्यायालयात पडला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.

आदेश मिळाल्यावर त्याचीही बजावणी करून घ्या, तेवढ्याच काटेकोरपणे. कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत तुम्हाला, सामनेवाल्याला आणि पोलीस ठाण्याला मोफत मिळते. कलम २९ खाली अपिलाची ३० दिवसांची मुदत आदेश बजावल्या तारखेपासून मोजतात, म्हणून आदेश त्याच्यापर्यंत गेलाच नाही तर त्याचा अपिलाचा दरवाजा उघडाच राहतो. आणि कलम ३१ खाली संरक्षण आदेशाच्या भंगाची तक्रार नोंदवायला गेलात की ठाण्यात पहिला प्रश्न असतो, आदेश त्याला माहीत होता का. बजावणीच्या अहवालाची एक प्रत पर्समध्ये ठेवा.